नववा माणूस

पडेगाव, छ. संभाजीनगर
११ फेब्रुवारी २०२५

चि. अमृतास,
मामाचा सप्रेम जय भीम.

तू म्हणशील, मामाच्या फोनला काय झालं? दोन्ही फोन पोलिसांनी जमा केलेत, अतुलचा आणि माझाबी. शेजारच्याच्या फोनवरून बोललो असतो, पण वकील म्हणतो फोनवर कुणाशी एक अक्षर बोलू नका. मग म्हटलं पत्र. तीस वर्षं लोकांचं टपाल वाटलं, आणि आपल्या घरची बातमी लिहायची वेळ ही अशी आली. आक्काला काही सांगू नको, तुझ्या आईचं बीपी तुला माहीत हाय.

सोमवारी, तीन तारखेला, अतुलच्या कंपनीत माणूस मेला. कडुबा नावाचा, दौलताबादच्या अलीकडं वस्तीवर राहायचा, कंत्राटावर साफसफाईला होता. पार्ट धुवायच्या त्या बोगद्यात मेला. तुला बोगदा काय सांगायचा? तूच तिथं चार महिने बसून ते कार्डाचं काम केलंस. साठ फूट पत्र्याचा बोगदा, आत चेन फिरती. पंधरा दिवसांनी चेन बंद करून माणसं आत घासायला जातात. जाताना प्रत्येकानं दारात कार्ड टेकवायचं, येताना परत टेकवायचं. आत एक जरी माणूस असला तरी दिवा लाल. सगळे बाहेर आले की हिरवा. पॅनलवरच्या माणसानं हिरवा बघून बटण दाबायचं.

अतुल पॅनलवर होता. जेवून आला तवा आत कोण गेलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. पॅनल दुसऱ्या टोकाला, आवाज एवढा की कानात बोललेलं ऐकू येत नाय. त्यानं दिवा बघितला, हिरवा होता, बटण दाबलं. बाकीची माणसं उड्या मारून निघाली. कडुबाचा सदरा चेनमधी गेला. पुढचं लिहीत नाय.

आता सगळे म्हणतात दिवा लालच होता, ह्यानं न बघता दाबलं. सुपरवायझर काकासाहेब तर म्हणतो, पोरगं मोबाइलमधी होतं. पोरगं कसलं, सव्वीस वर्षांचा घोडा हाय. आणि कामावर मोबाइल लॉकरमधी असतो हे त्या काकासाहेबाला माहीत नाय व्हय? अतुलला दोन दिवस आत ठेवून जामिनावर सोडलंय. तो मला, बापाला, एकच सांगतो, दादा, हिरवा होता.

ते सगळं तू बनवलंस. तूच साहेबाला सांगून अतुलला तिथं चिकटवलंस. भिंतीवर अजून तुझी पाटी हाय म्हणे, "माणसाला विचारू नका, दिव्याकडे बघा." तर बाई, मला एवढंच लिही, दिवा चुकू शकतो का? तू लिहिलंस तर कुणाची बोलायची हिंमत होणार नाय.

मामी तुझी आठवण काढती. जेवत नाय नीट.

तुझा मामा,
साहेबराव

*

हैदराबाद
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामांस,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र परवा मिळालं. आईला काही सांगितलेलं नाही. अतुलला एकटं सोडू नका, आणि मामींना म्हणावं, माझी शपथ आहे, जेवा.

तुम्ही विचारलंत ते सरळ लिहिते. कार्ड टेकवलं की यंत्र आत एक माणूस धरतं, परत टेकवलं की एक कमी करतं. आकडा शून्य झाल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही. आम्ही ते शंभर वेळा तपासलं होतं. माणसं आत पाठवून, बाहेर काढून, वीज घालवून, परत आणून. दोन वर्षांत एक तक्रार नाही. त्यामुळे दिवा आपोआप चुकेल असं मला वाटत नाही. घाईत कुणीतरी कार्ड न टेकवताच आत गेलं असेल. आपल्याकडे माणसं कशी करतात ते तुम्हाला ठाऊक आहे, एकाच्या मागे एक घुसतात. त्या बिचाऱ्या कडुबानं, आणि त्याचं बघून बाकीच्यांनी, कार्ड टेकवलं नसेल तर यंत्राला ते दिसणारच नाहीत. वकिलांना ते बघायला सांगा.

सहज विचारते, त्या दिवशी आत एकूण किती माणसं होती?

मी इथून काय करू शकते ते बघते. ज्या ऑफिसातर्फे हे काम केलं तिथली नोकरी सोडून मला दीड वर्ष झालं, तिथं आता ओळखीचं कुणी उरलेलं नाही. तुम्ही तब्येत जपा.

तुमची,
अमृता

*

पडेगाव
२४ फेब्रुवारी २०२५

चि. अमृता,
जय भीम.

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, झालं, पोरगं सुटलं. मीच उठून पोलीस ठाण्यात गेलो. म्हटलं, हे बघा साहेब, ज्या पोरीनं दिवा बनवला ती माझी भाची, तिच्या हातचं अक्षर हाय. त्यांनी दोनदा वाचलं. कंपनीचा माणूस तिथंच बसला होता, तो म्हणाला आम्हालाबी एक प्रत द्या. मी शहाणा, क्रांती चौकात जाऊन तीन झेरॉक्स काढून आणल्या. माझ्या हातानं वाटल्या. आयुष्यभर हेच केलं ना, पत्र आलं की पोचतं करायचं.

नंतर वकिलानं कपाळाला हात लावला. कंपनीच्या कॉम्प्युटरमधी कार्डाची नोंद असती म्हणे. त्यात कडुबाचं कार्ड टेकवलेलं हाय. सगळ्यांचंच हाय. तू विचारलंस म्हणून लिहितो, नऊ माणसं होती. एरवी पाच-सहा जातात, पण दुसऱ्या दिवशी बाहेरचे साहेब बघायला यायचे होते म्हणून काकासाहेबानं नऊ घातली. नऊ आत गेल्याची नोंद. मग फकिरा नावाचा एक जण तारेचा ब्रश आणायला कार्ड टेकवून बाहेर आला, त्याचीबी नोंद. म्हंजे आठ आत. दिवा कोणता होता त्याची नोंद काही नाय. मग ते म्हणतात, कार्डं सगळी बरोबर, आणि दिवा चुकत नाय असं बनवणारीच लिहून देती, तर मग चुकला कोण? अतुल.

तुझं पत्र आता त्यांच्या फायलीत लागलंय.

पण खरं सांगायचं ते हे नाय. अतुलला मी ते पत्र वाचून दाखवलं होतं. तवापासून तो "हिरवा होता" म्हणायचा थांबला. मी म्हणलो, अरे बोल की! तर म्हणतो, "दादा, ताई म्हणती दिवा चुकत नाय, म्हंजे माझीच नजर चुकली." ताई म्हणजे तू. तुझ्या मागं लहानपणापासून फिरलेला तो, तुझा शब्द म्हंजे त्याला छापील. शुक्रवारी ठाण्यात जाऊन सही करून आला, की दिवा लाल असावा, मी नीट बघितला नसावा. मला न सांगता.

त्याच्या आधी कडुबाच्या घरी जाऊन आला. त्याची बायको दगडाबाई, तिच्या पाया पडला. तिनं उन्हात बसवून ठेवला संध्याकाळपर्यंत, मग म्हणाली, जा आता.

तू काही कर बाई. दुसरं काही असंल तर लिही.

मामा

*

हैदराबाद
१ मार्च २०२५

मामा,
जय भीम.

हे पत्र नीट बसून वाचा आणि सध्या कुणाला दाखवू नका. वकिलांनासुद्धा नाही. मी आधी इथं एका वकिलांना विचारते.

दिवा चुकला. चूक माझी आहे.

तुम्ही नऊ माणसं लिहिलंत आणि मी माझं जुनं काम उघडून बघितलं. तुम्हाला कळेल असं सांगते. पोस्टात पत्रं लावायचं खणांचं कपाट असतं ना, तसं एक कपाट मी यंत्रात केलं होतं. माणूस आत गेला की त्याच्या नावाची चिठ्ठी एका खणात. तो बाहेर आला की चिठ्ठी फाडायची. चिठ्ठी फाटली की यंत्र आतला एक माणूस कमी धरतं. मी आठ खण राखून ठेवले होते, कारण कंपनीनं लिहून दिलं होतं की आठच्या वर माणसं कधी जाणार नाहीत.

ते कपाट असं असतं की नववी चिठ्ठी आली तर त्याला एक खण जोडता येत नाही. ते दुसरीकडे सोळा खणांचं नवं कपाट मांडतं, जुन्यातलं सगळं तिकडे नेतं आणि जुनं मोडून टाकतं. आता प्रश्न, नेतं कसं? रजिस्टर पत्र तुम्ही हातून हाती देता, त्याची नक्कल करून वाटत नाही. ही चिठ्ठी तशीच. एका माणसाची एकच. म्हणून मी सुरुवातीला एक ओळ लिहिली होती, की हिची नक्कल करायला बंदी आहे. तर जो प्रोग्राम आपलं लिखाण तपासतो त्यानं काम अडवलं. त्याचं म्हणणं, नक्कल करायची नाही आणि हलवायची कशी तेही तू सांगितलेलं नाहीस, मग उद्या कपाट बदलायची वेळ आली तर मी काय करू? अगदी बरोबर विचारलं होतं त्यानं. मी दोन ओळी लिहून सांगायचं होतं, की चिठ्ठी उचलून नव्या खणात ठेव, जुना खण रिकामा धर. दुसऱ्या दिवशी काम दाखवायचं होतं. मी ती बंदीची ओळच काढून टाकली. पडद्यावरची चुकीची लाल अक्षरं गेली, काम चालू झालं.

आठपर्यंत सगळं ठीक चालत होतं, कारण कपाट बदलायची वेळच येत नव्हती. आम्हीही आठच माणसं आत घालून तपासलं. त्या दिवशी नववा आला. यंत्रानं आठ चिठ्ठ्यांच्या नकला नव्या कपाटात लावल्या, त्या माणसांत मोजल्या नाहीत, आणि जुन्या आठ फाडल्या. फाडल्या म्हणजे त्याच्या हिशेबी आठ माणसं बाहेर आली. बोगद्यात नऊ होते आणि यंत्र एकच धरून बसलं. दिवा अजून लालच, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. मग फकिरा ब्रशसाठी बाहेर आला. एकातून एक गेला. शून्य.

मामा, माझ्या हातून माणूस मेलाय. अतुलला सांगू नका एवढ्यात. मला चार दिवस द्या. नोकरी, आई, सगळंच डोळ्यांपुढे येतं. मी काहीतरी मार्ग काढते.

अमृता

*

पडेगाव
१० मार्च २०२५

अमृता,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. खाकी पिशवीत घालून खुंटीला लावून ठेवलं. तीस वर्षांत एक पत्र कधी दाबून ठेवलं नव्हतं मी. पाऊस असो, कर्फ्यू असो. हे पहिलं.

तू म्हणतीस दाखवू नका. आणि मलाबी वाटलं, दाखवून काय होणार? एकाला सोडवायचं तर दुसरीला घालायचं. तुझा बाप गेला तवा तू पाच वर्षांची होतीस. आमच्याच घरी एका ताटात जेवलात, तू आणि अतुल. मी कोणाला धरू, सांग की? मामीला वाचता येत नाय ते बरं झालं.

पण अतुलचं बघवंना. तो डोळे तपासायला गेला. क्रांती चौकातल्या डॉक्टरकडं. डॉक्टरनं रंगाची चित्रं दाखवली, म्हणाला डोळे एकदम चांगले. तर हा म्हणतो परत बघा. मग गुलमंडीवर दुसऱ्याकडं, मग तिसऱ्याकडं. तिन्हींनी सांगितलं काही दोष नाय. घरी येऊन मामीला विचारतो, आई, हा गलास कोणत्या रंगाचा हाय? ती रडाय लागली. वकिलाला सांगून आला की तारखेला उभा राहून गुन्हा कबूल करणार, मला काही बचाव नको.

शनिवारी मी पिशवी काढली आणि पत्र त्याच्या हातात दिलं. ज्याचं त्याला पोचलं पाहिजे. तुला राग आला तर येऊ दे.

त्यानं तीन वेळा वाचलं. मला वाटलं आनंद होईल, निदान रडंल, तुला शिव्या देईल. काही नाय. तुझं पहिलं पत्र मागितलं. त्याची एक झेरॉक्स माझ्यापाशी होती, ती बघितली. मग एवढंच विचारलं, "दादा, हे पहिलं लिहिलं तवा ताईला ठाऊक होतं का?" मी म्हणलो, नाय रे, तिला कसं असंल, नऊ माणसं मी कळवलं तवा तिनं उघडून बघितलं. तर म्हणतो, "मग तिनं आत किती माणसं होती असं का विचारलं?"

तूच सांग. मला नको, त्याला लिही.

साहेबराव

*

हैदराबाद
१४ मार्च २०२५

अतुल,

ठाऊक होतं.

चार तारखेला, म्हणजे अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, जुन्या ऑफिसातून मला फोन आला होता. तिथं ओळखीचं कुणी नाही असं मी मामांना लिहिलं, तेही खोटं. ते म्हणाले, बोगद्यात असं असं झालंय, तुझ्या कामात काही नाही ना? मी म्हणाले बघते. माझ्याकडे जुनी प्रत होती. मला शोधावंसुद्धा लागलं नाही. त्या ओळीपाशी मी थेट गेले, कारण ती काढली त्या दिवशीच मला टोचलं होतं. खाली आठाचा आकडा होता. मी फोन करून सांगितलं, काही नाही, सगळं ठीक आहे. ते म्हणाले, छान, मग पॅनलवाल्याचीच चूक दिसते. पॅनलवर कोण होतं ते मी विचारलं नाही.

मग मामांचं पत्र आलं आणि त्यात तुझं नाव होतं.

तरी मी तसं लिहिलं. चार वेळा लिहून फाडलं आणि पाचव्यांदा ते लिहिलं. मेलेल्या माणसावर ढकललं, म्हटलं कडुबाला आता काय फरक पडतो. माणसं किती होती हे अशासाठी विचारलं, की आठ किंवा कमी असतील तर मी सुटले. मामांनी सात लिहावं, सहा लिहावं म्हणून मी आठवडाभर देवाचं नाव घेत होते, जो आपण मानत नाही. तू सही केलीस हे वाचलं तेव्हा एक क्षण मला हलकं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलं नसतं. पण तू विचारलंस.

घाबरले म्हणून केलं. दुसरं काही कारण नाही. फार हुशार समजायचे मी स्वतःला.

तुझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. कुठल्या डॉक्टरकडे जाऊ नकोस. तू बघितलास तो हिरवाच होता. मी तुम्हाला शिकवलं की माणसाला विचारू नका, आणि तू ऐकलंस. तुझी चूक असलीच तर तेवढीच, की तू माझं ऐकलंस. दोन्ही वेळा.

मंगळवारी, अठराला, मी तिथं येते. आधी तुमच्या घरी येणार नाही, आधी ठाण्यात जाणार. जुनं काम छापून घेतलंय, ती काढलेली ओळ आधी कुठे होती तेही त्यात दिसतं. पहिलं पत्र खोटं होतं हेही लिहून देणार आहे. आईला आज सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. मामांना म्हणावं, कुणाला धरायचं याचा विचार करू नका, मी सुटण्यासारखं काही ठेवलेलं नाही.

अमृता

*

पडेगाव
२ मे २०२५

चि. अमृतास,
मामाचा जय भीम.

तुझं पत्र मिळालं. जबाब दिलास त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्यांवर तू दिसलीस, पण माझं पाऊल पुढं झालं नाय, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. घरी येऊ का असं विचारलंस. अजून नको. मामी म्हणती येऊ दे, मी म्हणतो अजून नको. नोकरी गेली हे आक्काकडून कळलं. तिचा फोन येतो मामीला, दोघी बोलत काहीच नायत, नुसत्या रडतात.

अतुलचं नाव अजून कागदावर हाय, पण निघंल असं वकील म्हणतो. कंपनीत आता दारात माणूस बसवलाय म्हणे, वहीत नावं लिहितो. काकासाहेब घरी येऊन गेला, म्हणाला कामावर ये. अतुल बाहेरच आला नाय.

दगडाबाईकडं मी गेलो होतो. कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून. तुझं ते खणांचं कपाट, चिठ्ठ्या, सगळं जमेल तसं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजी माझा माणूस आत काम करत होता आन मशीननं त्याला गेलेला धरला?" मी म्हणलो, व्हय. म्हणाली, "जित्ता असताना?" मी व्हय म्हणलो. ती उठून आत गेली. परत आली नाय.

अतुल तुझ्यावर रागावला असंल असं तू लिहितीस. तसं काही बोलत नाय तो. तुझं पत्र त्याच्या पाकिटात असतं. गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात लागलाय, पण रंगीत तागे काढायला मालक त्याला सांगत नाय, फार वेळ लावतो म्हणतो.

परवा कोर्टाच्या कामाला दोघं गाडीवर निघालो, तो चालवत होता. क्रांती चौकात सिग्नल लागला. हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न लावले, हा जागचा हलंना. एक रिक्षावाला लई वाईट बोलून गेला. मी म्हणलो, अरे चल की. तर मागं वळून मला विचारतो, "दादा, हिरवाच हाय ना?" व्हय म्हणलो. "पुढं कुणी माणूस नाय ना? नीट बघून सांगा." मी गाडीवरून उतरलो, पुढं जाऊन चौक सगळा बघितला, आणि परत येऊन सांगितलं की कुणी नाय, चल.

तवर लाल झाला होता.

तुझा मामा,
साहेबराव